गाळाचा रंग

माझ्या आत्याचं सासर बहे. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. लहानपणी सुट्टीला तिथे जाऊन आले की मी शाळेत सांगायचे, आमच्या आत्याच्या गावाला बेट आहे. कुणाला पटायचं नाही. भूगोलाच्या पुस्तकातलं बेट म्हणजे चहूबाजूंनी समुद्र आणि मधे नारळाची झाडं. सांगली जिल्ह्यात समुद्र कुठला? पण बेट आहे. बहे आणि बोरगावच्या मधे कृष्णा दुभंगते, दोन धारांनी वाहते आणि पुढे जाऊन पुन्हा एक होते. त्या दोन धारांच्या मधलं ते रामलिंग बेट. त्यावर रामलिंगाचं देऊळ, आणि समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती.

गेल्या माघात मी तिथे तीन दिवस काढले. जेवण-झोप आत्याकडे, पण उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत बेटावर. त्या तीन दिवसांत मी सहा वर्षांनी चित्र काढलं.

हे वाचून माझ्या क्लासमधली मुलं गोंधळतील. मॅडम तर रोजच काढतात. खरं आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र शिकवताना हात चालतोच. कुणाच्या आईवडिलांचं फोटोवरून व्यक्तिचित्र करून देते, कुणाच्या लग्नाच्या पत्रिकेला गणपती. ते सगळं मी मन लावून करते आणि त्यावर घरही चालतं. पण कुणी सांगितलेलं नसताना, कुणी वाट बघत नसताना, डोळ्यांनी पाहिलेलं कागदावर उतरवल्याशिवाय चैन पडू नये, ते वेगळं. ते २०१९ च्या ऑगस्टमधे थांबलं.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, घाटापासून हाकेच्या अंतरावर. सांगलीकराला पूर कळतो तो आयर्विन पुलावरून. १९२९ मधे हा पूल सुरू झाला आणि तेव्हापासून आम्ही पाणी त्याच्या फुटांत मोजतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पावसाळ्यात दुकानात, रिक्षात, दवाखान्यात कुणीही भेटलं तरी पहिला प्रश्न, किती झालं आयर्विनला? २००५ चा पूर आम्ही घरातून अनुभवला होता. त्याची मातकट रेघ आतल्या खोलीच्या भिंतीवर राहिली होती, तीही आम्ही मुद्दाम पुसली नव्हती. त्या रेघेच्या वर दोन हात सोडून मी सुताराकडून एक लांब फळी मारून घेतली आणि माझी सगळी चित्रं, स्केचबुकं तिच्यावर ठेवली. बावीस वर्षांचं काम. वाईचा गणपती घाट, मेणवलीचा घाट, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, हरिपूरला वारणा येऊन मिळते ती जागा, आणि आमचा सरकारी घाट तर किती वेळा, पहाटेचा, दुपारचा, श्रावणातला, उन्हाळ्यात पाणी आटल्यावरचा. मी नदीचीच चित्रकार होते. दुसरं फारसं काही काढलंच नाही.

गावभागातल्या बहुतेक घरांनी तोच हिशेब केला होता. २००५ ला इथपर्यंत आलं, म्हणजे याच्यावर येणार नाही. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

आम्ही मिरजेला नणंदेकडे होतो. पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा फळी जागेवर होती. चित्रंही होती. जलरंगाचा रंग डिंकात बांधलेला असतो, पाण्याने तो कागदावर बसतो आणि पुन्हा पाणी लागलं की सुटतो. इतकी वर्षं मुलांना हे शिकवत आले होते. माझे घाट, माझं आभाळ, संगमावरची संध्याकाळ, सगळं सुटून गेलं होतं. आणि कागद कोरे झाले असते तरी चाललं असतं. त्यांच्यावर गाळ बसला होता. गठ्ठेच्या गठ्ठे एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते. रस्त्यावर लोकांनी गाद्या, धान्य, मुलांची दप्तरं काढून टाकली होती, त्यात मी तेही टाकलं. शेजारच्या घरात बरंच मोठं नुकसान होतं, तिथे कागदांसाठी रडायची लाज वाटली. फक्त एक स्केचबुक ठेवून घेतलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. वाळल्यावर त्याची पानं पापडासारखी वेडीवाकडी झाली आणि उघडलं की बारीक माती गळायची.

कोल्हापुरात शिकत असताना आम्हाला चित्रकार आबालाल रहिमान यांच्याबद्दल सांगायचे. कोटीतीर्थाच्या काठी ते राहिले आणि तो एकच तलाव पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९२२ मधे शाहू महाराज गेले तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली असं सांगतात. विशीत ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा, त्यात काहीतरी भव्य वाटायचं. २०१९ नंतर मला त्यातलं एकच दिसायला लागलं: तो कागद पाण्यात जाताना त्यावरचा रंग कसा सुटला असेल. आणि त्यानंतरही, १९३१ पर्यंत, ते जगले. त्या नऊ वर्षांत तलावाकडे बघताना त्यांना काय वाटत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

माझ्यापुरतं मला माहीत होतं. मी घाटावर जाणं सोडलं. भाजीला जाताना वाट वाकडी करून जायची, पण नदी दिसू द्यायची नाही.

गेल्या दिवाळीनंतर क्लासमधल्या सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, यातलं तुमचं चित्र कुठलं?” भिंतीवर मुलांची चित्रं लावलेली असतात, ती बघत होती. मी म्हटलं, माझं नाही यात. ती म्हणाली, “मग कुठंय?” अगदी साधा प्रश्न, उत्तर मिळेल या खात्रीने विचारलेला. मी विषय बदलला. रात्री झोप लागली नाही.

मग संक्रांतीला आत्याचा फोन आला. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर. डिंकाचे लाडू करायचेत, हाताला दम राहिला नाही, चार दिवस येऊन जा म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, “ती रंगाची पेटी आण गं येताना.”

सांगलीहून आष्टा, आष्ट्याहून ईश्वरपूर, म्हणजे आमच्या तोंडी अजून इस्लामपूरच, आणि तिथून पुढे दहा-बारा किलोमीटर. ऊसतोडीचे दिवस. रस्त्याने उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, मधेच कुठे पाचट पेटवल्याचा धूर, सांडलेल्या कांड्यांवरून एसटीची चाकं कचकचत जायची. मी खिडकीतून कोरड्या शेतांकडे बघत होते. नदी जवळ आली तशी मान दुसरीकडे वळली. सवयच झाली होती.

पावसाळा सरला की बेटावर पायी जाता येतं. पहिल्या दिवशी सकाळी आत्या माझ्याबरोबर आली. काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबत, पण आली. तिने मला मारुतीसमोर उभं केलं आणि जी गोष्ट मी लहानपणी वीस वेळा ऐकली होती ती पुन्हा सांगितली.

“राम हितं लिंगाची पूजा मांडून बसलेला. कृष्णेला कळलं, देव आपल्या दारात आलाय. मग ती काय थांबतीया व्हय? धावली की भेटायला. आनंदाचा पूर आला तिला. आता ही पूजा वाहून जाणार म्हणून मारुती आडवा झाला. बघ, असं दोन्ही बाहूंनी पाणी सारलं. म्हणून नदी दोन बाजूंनी गेली, आन् म्हणून गावाचं नाव बाहे.”

लहानपणी या गोष्टीत मला मारुतीच दिसायचा. या वेळी कानात एकच शब्द अडकला. आनंदाचा पूर. मला तो गिळता येईना. मी जरा तोडूनच म्हटलं, “आत्या, पुराला आनंदाचा कसं म्हणतेस? तुमच्याकडं आलं नव्हतं का पाणी?”

“आलं की. एकोणीसला आलं, एकवीसला आलं. हे बेट तर कुठं दिसतच न्हवतं. ऊस उभाच्या उभा कुजला. म्हसरं पावण्यांकडं न्यायला लागली.” मग थोडं थांबून, “मी कुठं म्हणते चांगलं झालं. तिला आनंद झाला एवढंच म्हणते.”

आत्या घरी गेली आणि मी बेटाच्या वरच्या टोकाला, प्रवाहाच्या समोर, कातळावर बसले. पेटी उघडली. कागद बोर्डावर चिकटवला. हात सगळं जाणत होता. निळ्या अल्ट्रामरीनमधे थोडा तपकिरी बर्न्ट सिएना मिसळला की मिळणारा तो करडा, आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वरून खाली, समोरच्या काठाची आडवी रेघ, तिच्याखाली झाडांची सावली, शेवटी कोरड्या ब्रशने पाण्यावरची चमक. तासाभरात चित्र झालं. कुणालाही आवडलं असतं. पण त्यातली नदी बह्याची नव्हतीच. सरकारी घाटाच्या पायरीवर बसून मी जी बावीस वर्षं काढली ती होती, डावीकडून उजवीकडे जाणारी, मधे आडवी, पलीकडे दुसरा काठ. इथे समोर तसं काहीच नव्हतं. मी काठ बरोबर घेऊन आले होते.

दुसरा कागद लावला, तोही तसाच. तिसरा लावलाच नाही.

रात्री आत्याने वांग्याचं कालवण आणि भाकरी वाढली. कृष्णाकाठची वांगी आमच्या भागाला नवी नाहीत, सांगलीत भाजीवाल्या बायका “मळीची वांगी” अशी हाळी देतात. नदी काठावर गाळ आणून टाकते त्या जमिनीला मळी म्हणतात आणि त्या रानातल्या वांग्याला वेगळीच चव असते. हे मला माहीत होतं, जसं आपल्याला हजार गोष्टी माहीत असतात. आत्या म्हणाली, “पाणी उतरल्यावर खालच्या रानात वीतभर गाळ बसलेला. ऊस गेला तर गेला. पोरानं त्याच्यात वांगी लावली. तीच ही.”

घास हातात राहिला. पुरानं सगळ्यांचीच रानं पिकवली असं मुळीच नाही. कित्येकांची जमीन खरवडून गेली, दगड तेवढे उरले, तेही मी जाताना पाहिलं होतं. पण माझ्या चित्रांवर जो गाळ बसला, तोच या ताटात होता. मी सहा वर्षं त्याच्याकडे बघितलं नव्हतं आणि इथे बाया तो रांधत होत्या.

जेवण झाल्यावर मी बॅटरी घेऊन आतेभावाबरोबर काठावर गेले आणि तांब्याभर गाळ आणला. त्याने काही विचारलं नाही. बॅटरी धरून उभा राहिला.

रंग बनवायची ही रीत जुनी आहे, आणि मुलांना मी तोंडाने कितीदा तरी सांगितली होती, केली कधीच नव्हती. गाळ भरपूर पाण्यात ढवळायचा. रेती जड, ती लगेच खाली बसते. वरचं गढूळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. पुन्हा ढवळायचं, पुन्हा ओतायचं. असं तीन-चारदा केलं आणि शेवटचं पाणी आत्याच्या जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळून ताटलीत ठेवलं. सकाळपर्यंत तळाशी लोण्यासारखा मऊ थर बसला होता आणि वर नितळ पाणी. ते निथळून टाकलं आणि ताटली उन्हात ठेवली.

डिंकाची सोय घरातच होती. लाडवांसाठी आत्याने बाभळीचा डिंक आणून ठेवला होता. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांच्या रंगांतही असाच डिंक असायचा, जलरंगाच्या विकतच्या ट्यूबमधे असतो तो गम अरेबिकही याच जातीचा. मूठभर खडे रात्रीच पाण्यात भिजत घातले होते. आत्या बघत होती. “लाडवाला कमी पडंल बघ,” म्हणाली आणि वर आणखी चार खडे टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली वाळेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बेटावर नुसती बसून राहिले. आता मागे बघताना वाटतं, सगळ्यात मोठं काम त्या सकाळी झालं. हातात ब्रश नव्हता. विकतचे रंग घरी ठेवले होते. समोरून येणारं पाणी तेवढं होतं.

घाटावरून नदी बघताना ती आपल्याला ओलांडून जात असते. बेटाच्या टोकाला बसलं की ती थेट आपल्याकडे येते. लांबवर ती अरुंद, एकसंध, आभाळाचाच तुकडा. जवळ येईल तशी पसरत जाते, लाटांमधलं अंतर वाढतं, आणि अगदी पायाशी आली की आभाळ तिच्यातून निघून जातं आणि तळाचे काळे दगड दिसायला लागतात. हे साधं शास्त्र आहे. लांबच्या पाण्यावर नजर तिरकी पडते म्हणून ते आभाळ दाखवतं, जवळच्या पाण्यात ती सरळ उतरते म्हणून आरपार दिसतं. पण दोन्ही एकाच नजरेत, एकाच पाण्यात, कुठेही रेघ न मारता बदलत जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. घाटावर पायऱ्या उंच असतात, जवळचं पाणी नजरेत येतच नाही.

आणि मग ते पाणी दुभंगायचं. कुठे दुभंगतं ती जागा मी शोधत होते. एक वाळकं पान येताना दिसलं की त्याच्यावर डोळा ठेवायचा, हे डावीकडे जाणार की उजवीकडे? शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही. दोन्ही धारांचे आवाज निराळे. एक दगडांवरून खळाळणारी, दुसरी नुसती सरकणारी, मधेच काठावरच्या मोटारी सुरू झाल्या की दोन्ही बुडायच्या आणि वीज गेली की पुन्हा वर यायच्या. एक परीट पक्षी शेपटी हलवत माझ्या पायापर्यंत आला. खंड्या निळी रेघ ओढून गेला. दोन बाया नारळ घेऊन आल्या, पूजा करून गेल्या, जाताना एकीने प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, “लई येळ बसलासा.” मला घड्याळ बघावंसं वाटलं नाही.

कृष्णा जुन्या महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून येते, कऱ्हाडला कोयना तिच्या समोरासमोर येऊन मिळते. वाई, मेणवली, कऱ्हाड, मी काढलेल्या या जागा माझ्या वरच्या बाजूला होत्या. आणि इथून पुढे गेलेलं पाणी सांगलीला आयर्विनच्या खालून, माझ्या घराच्या मागून जाणार होतं. माझी गेलेली चित्रं ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने हे पाणी येत होतं, असं काहीसं मनात आलं आणि पहिल्यांदाच ते आठवताना पोटात कळ आली नाही.

दुपारी आत्याच्या अंगणात रंग घोटला. वाळलेली माती, भिजलेला डिंक, मधाचे दोन थेंब. मध घातला की रंग वाळल्यावर तडकत नाही. बशीत एका गुळगुळीत नदीच्या गोट्याने गोल गोल घोटत राहिले. पहिल्यांदा करकर लागते, दातांखाली खडा यावा तशी. अर्ध्या तासाने ती कमी होते. तासाने आवाज बंद होतो आणि गोटा घसरायला लागतो, तेव्हा रंग झाला. ओला असताना काळपट दिसत होता. कागदावर पातळ लावला आणि वाळला तेव्हा तो फिकट, उबदार करडा निघाला, थोडा तपकिरीकडे झुकलेला. कागदाच्या खळग्यांत त्याचे कण बसत होते. अल्ट्रामरीन असा बसतो म्हणून मला आवडतो, हा त्याहून बारीक आणि मऊ. दुकानात मला हा रंग कधी मिळाला नव्हता.

संध्याकाळचा तास-दीड तास हातात होता. कागद लहान, पोस्टकार्डाएवढे कापून घेतले. एकच रंग असल्यामुळे विचार करायला फारसं काही उरलं नाही. किती पाणी, किती माती, एवढंच. सात-आठ कागद झाले. सगळे कच्चे. पण एकावरही समोरच्या काठाची ती आडवी रेघ नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे नदीवर धुकं होतं. मी ते जुनं स्केचबुक बरोबर आणलं होतं, हे अजून सांगितलं नाही. घरातून निघताना पिशवीच्या तळाशी घातलं होतं आणि दोन दिवस काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. गाळाने माखलेली, वाकडी पानं. एका पानावर हरिपूरच्या संगमाची पेन्सिल तेवढी शिल्लक होती, रंग गेलेला, आणि पानाच्या मधोमध पाण्याने ओढलेली मातीची वळणदार रेघ. ती रेघ मी बघत बसले. इतकी बेफिकीर, इतकी खरी रेघ मला कधी जमली नव्हती. पानाच्या कडेला ती दाट होती, आत येताना विरळ होत गेली होती. ओलं पाणी वाळताना रंग कडेला ढकलतं, म्हणून तसं होतं. आम्ही मुद्दाम तसं करायला जातो तेव्हा दहात एकदा साधतं.

त्याच पानावर काम सुरू केलं. नदीची रेघ ठेवली आणि तिला जोडून माझा वॉश घातला. तीच माती, तेच पाणी, त्यामुळे दोन्हीत फरक कळत नव्हता.

जलरंगात पांढरा रंग वापरू नये, असं आमचे सर सांगायचे. उजेड रंगवायचा नसतो, कागद ठेवायचा असतो. मी हे हजार वेळा मुलांना सांगितलं आहे. पण बेट काढायला बसले तेव्हा ते हाताला कळलं. मी बेटाला ब्रश लावलाच नाही. वरून येणारं पाणी काढत आणलं, एक धार डावीकडून नेली, एक उजवीकडून, खाली दोन्ही पुन्हा जोडल्या. मधे जो कागद उरला, डागाळलेला, पुरातून आलेला, तेच बेट. देऊळ काढायची गरज पडली नाही. मान वर केली तेव्हा धुकं उठलं होतं आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. आपण रडतोय हे चष्म्यावर थेंब पडल्यावर समजलं.

दुपारपर्यंत त्या स्केचबुकची अकरा पानं झाली.

फक्त तीनच दिवस होते, याचा मला उपयोग झाला असं मी म्हणेन. महिनाभर मिळाला असता तर मी आधी जागा लावली असती, चांगले कागद मागवले असते, आठवडा तयारीत गेला असता. इथे लाडू वळायचे होते, शनिवारी क्लास होता, रंग ताटलीभरच होता. तो संपेपर्यंत काढायचं, एवढंच ठरलं होतं. चित्रकार मित्रमैत्रिणी लांबलांबच्या शिबिरांना जातात, त्यांना ते फळतंही. मला मात्र जायचं होतं ते माझ्याच नदीवर, फक्त काठ सोडून तिच्या मधे.

निघायच्या दिवशी आतेभावाने मळीच्या रानातला गाळ पेंढीच्या रिकाम्या पोत्यात बांधून दिला, पाच-सहा किलो तरी असेल. एसटीत कंडक्टरने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, माती. त्याने सीटखाली सरकवायला जागा करून दिली.

सांगलीत उतरल्यावर मी वाट वाकडी केली नाही. आयर्विनवरून खाली बघितलं. दिवस मावळत होता, पाणी खोल गेलेलं, घाटावर मुलं पोहत होती.

शनिवारी ते स्केचबुक क्लासमधे ठेवलं. त्या सातवीतल्या मुलीने पानं उलटली, मग वही नाकाशी नेली. “मॅडम, याला वास येतोय.” कसला? “पावसाचा.” बाकीच्या मुलांनीही वास घेतला. आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही माती गाळतो. कुणी हरिपूरहून आणतं, कुणी मामाच्या गावाहून, येरळेची, अग्रणीची. बश्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात. प्रत्येक नदीचा रंग वेगळा उतरतो, आणि तो वाळेपर्यंत कुणाला ओळखता येत नाही. मुलांना त्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप आहे.

मी पुन्हा घाटावर जाते. सुतारालाही बोलावलं होतं. २०१९ च्या रेघेच्या वर, छताला लागून त्याने नवी फळी मारून दिली. त्यावर अजून फार काही नाही, चाळीसेक चित्रं असतील. त्यातली बरीच मातीचीच आहेत, पाणी लागलं तर सुटतील.

श्रावणात आत्याचा फोन आला. बाहेर धो धो पाऊस, तिचा आवाज अर्धा ऐकू येत होता. “पाणी चढतंय गं. बेटावर जायची वाट गेली. देवळाचं शिखर तेवढं दिसतंय.”

मी विचारलं, तुम्ही सगळी नीट आहात ना, म्हसरं हलवली का?

“हलवली, हलवली. ती ऱ्हाऊ दे,” आत्या म्हणाली. “पाणी उतरलं की पोराला रानात धाडते. तुला किती पोती ठेवू?”